टिटवीने मागितलेली दाद

मुलांनो, डोंगराच्या कुशीत एक पाणवठा होता आणि त्याच्या काठावर एक टिटवी राखणीला असे. बिबट्याची चाहूल लागली की ती ओरडे आणि पाणी प्यायला आलेली हरणे पळून जात. काठावरचे किडे खावेत आणि डोळ्यांत तेल घालून राखण करावी, एवढेच तिला ठाऊक होते.

एके दिवशी तिची ओरड ऐकून कळप सैरावैरा पळाला आणि बिबट्या आल्या पावली परत गेला. त्याची पावले चिखलात उमटली होती, पण पळणाऱ्या हरणांनीच ती तुडवून टाकली. हरणे परतली तेव्हा रानडुक्कर म्हणाले, "कसला बिबट्या आणि कसलं काय! काठ मोकळा झाला की हिला पोटभर किडे मिळतात, म्हणून ही खोटंच ओरडते." त्या किड्यांवर त्याचाच डोळा होता, हे कोणाच्या ध्यानात येणार? टिटवी म्हणाली, "मी त्याला डोळ्यांनी पाहिलं." पण थोरल्या हरिणीने मान फिरवली. "उद्यापासून या काठावर दिसू नकोस," ती म्हणाली.

त्या रानात कोणावर अन्याय झाला तर टेकडीवरच्या म्हाताऱ्या गव्याकडे दाद मागता येई. टिटवी रडतरडत तिथे गेली. "आजोबा, काम गेलं ते गेलं, पण सगळे मला खोटारडी म्हणतात, ते सहन होत नाही," ती म्हणाली. गव्याने रवंथ करत सगळे ऐकून घेतले. "एकाच बाजूचं ऐकून निकाल फिरवता येत नाही. चार दिवसांनी मी स्वतः येऊन बघेन. तोवर निकाल आहे तसाच राहील." टिटवीने विचारले, "आणि तोवर राखण कोण करणार?" गवा म्हणाला, "ते त्यांचं ते बघतील." पण कोणी काही बघितले नाही.

चौथ्या दिवशी गवा आला तेव्हा कळप खाली माना घालून उभा होता. सकाळी थोरल्या हरिणीचे पाडस पाण्याशी एकटेच रेंगाळले होते आणि बिबट्याने ते नेले. कोणी ओरडले नाही, म्हणून कोणी पळालेही नाही, आणि चिखलात बिबट्याची पावले जशीच्या तशी होती. ती पाहून गव्याने सर्वांसमक्ष सांगितले, "टिटवी खरं बोलत होती. तिची जागा तिला परत द्या." रानडुक्कर केव्हाच निघून गेले होते. हेच शब्द ऐकायला टिटवी तळमळत होती, पण आता तिला हरिणीकडे बघवेना.

संध्याकाळी टिटवी पुन्हा ओरडली. या वेळी कोणीही शंका न काढता सगळा कळप पळाला. थोरली हरिणी मात्र चार पावलांवर थांबली आणि पाडस मागून येते आहे का, ते वळून पाहू लागली.

तात्पर्य : टळलेले संकट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते आलेच नव्हते असे ठरवून राखणदाराला खोटे पाडू नये.