न सारवलेली वेदी

कृतयुगाच्या उतरणीला, देव अजून ऋषींच्या शब्दाने बांधले जात त्या काळी, धूम्रगिरीच्या माथ्यावर प्रांशु नामक महर्षींचा आश्रम होता. शाल आणि कदंब वृक्षांनी वेढलेल्या, सामगानाने निनादणाऱ्या त्या तपोवनात हरिणी निर्भयपणे यज्ञशाळेच्या उंबऱ्यापर्यंत येत. भगवान रुद्राने साक्षात प्रकट होऊन आपल्याला निकट बसवावे, या एकाच इच्छेने महर्षींनी बारा वर्षे घोर तप केले होते. त्यांची भक्ती खरी होती, हे कबूल केले पाहिजे. पण त्या भक्तीची मान ताठ होती आणि शुचितेच्या बाबतीत तर महर्षी नाकाने कांदे सोलीत.

यज्ञशाळेची भूमी रोज सकाळी, महर्षी स्नानास गेलेले असताना, कर्दमी नावाची निषादकुळातील वृद्धा गोमयाने सारवून जाई. परत आल्यावर महर्षींना भूमी स्वच्छ दिसे. ती कोण सारवते हे त्यांनी बारा वर्षांत विचारले नाही. आपल्या तपोबलाने ती शुद्ध राहते, अशीच त्यांची समजूत होती. म्हणून आवाहनाचा दिवस ठरला तेव्हा त्यांनी निःशंकपणे आज्ञा दिली की, उद्या आश्रमात कोणाही निषादाने पाऊल ठेवू नये. कर्दमी खालच्या पाड्यावरच थांबली आणि वेदी तशीच राहिली.

आता, देवाला बोलवावे ते त्याच दिवशी सारवलेल्या भूमीवर आसन मांडून, असा नियम आहे. बोलावलेला देव आसनावाचून बसत नाही, पूजेवाचून परतत नाही आणि तो उभा राहील तोवर त्याचे तेज क्षणोक्षणी वाढत जाते.

माध्यान्ही महर्षींनी आवाहनमंत्र पूर्ण केला. पक्षी गप्प झाले. यज्ञशाळेत ताम्रवर्ण, नीलकंठ, जटांतून ज्वाला सांडणारे भगवान रुद्र उभे राहिले, आणि त्यांच्या पायाखालची कोरडी माती तडतडू लागली. महर्षींनी लगबगीने कृष्णाजिन पसरले. त्याची राख झाली. दर्भासन मांडले, त्याचीही राख झाली.

"तू बोलावलेस, मी आलो," रुद्र म्हणाले. "कोठे बसू?"

महर्षींची पाचावर धारण बसली. शिष्य केव्हाच पळाले होते. कदंबांची पाने करपली, हरिणी दऱ्यांत उड्या टाकू लागल्या आणि वणवा उतारावरून निषादांच्या पाड्याकडे सरकला. ज्या दर्शनासाठी बारा वर्षे घालवली ते आता एकदाचे टळावे, असे त्या महातपस्व्याला मनापासून वाटले. भीक नको पण कुत्रा आवर, ही गत देवाच्याही बाबतीत होते.

"कोठे बसू?" रुद्रांनी पुन्हा विचारले, तेव्हा छपराने पेट घेतला.

तोच आज्ञा मोडून कर्दमी धापा टाकीत वर आली. तिच्या हाती पाण्याचा घडा होता आणि काखेत गोमयाची पाटी. तिने उंबऱ्यातून आत पाहिले आणि देव अजून उभाच का, ते तिला उमगले. तिची पाटी पाहताच रोज भूमी कोण सारवीत होते ते महर्षींना कळले. ते तिला हात जोडून म्हणाले की, माते, तूच सारव. तीही भीतीने कापत होती, पण तिने नकारार्थी मान हलवली.

"ज्याने बोलावले त्यानेच जागा करायची, महाराज. मी सारवले तर ते माझे पाहुणे होतील. गुडघे टेका. पायांपासून सुरुवात करा आणि मागे मागे सरा. वर पाहू नका."

गोमय किती आणि पाणी किती, हेही महर्षींना तिला विचारावे लागले. मग ते रुद्रांच्या पायांपर्यंत रांगत गेले. तळहात भाजत होते, डोक्यावर देवाच्या श्वासाचा दाह होता आणि पाठ केलेले एकही स्तोत्र आठवत नव्हते. एक एक हात फिरवीत ते मागे सरू लागले. ज्याच्या निकट जायचे त्याच्यापासून आपण दूर चाललो आहोत, हे त्यांना कळत होते आणि त्याने त्यांना रडू येत होते. अखेर ते उंबऱ्याबाहेर पोचले, शेवटचा हात फिरला आणि त्या ओल्या भूमीवर रुद्र बसले.

वणवा पाड्याच्या कुंपणाशी विझला.

"वर माग," रुद्र म्हणाले.

बारा वर्षे घोकलेले शब्द महर्षींच्या ओठांवर आलेच नाहीत. मातीत कपाळ टेकून ते एवढेच म्हणाले, "देवा, मला भय वाटते."

"ते राहू दे. ते जोवर तुझ्यापाशी आहे, तोवर मी तुझ्यापाशी आहे."

प्रांशूंचे तळहात जन्मभर काळे राहिले. त्या दिवसापासून ते रोज सकाळी कर्दमीच्या शेजारी गुडघे टेकून भूमी सारवीत. धूम्रगिरीवर अद्याप आवाहनापूर्वी यजमान स्वतःच्या हातांनी वेदी सारवतो आणि उंबऱ्याशी पोचल्यावर आपले तळहात पाहतो. ते कापत असतील तर मंत्राला आरंभ होतो. कापत नसतील, तर त्या दिवशी तेथे देवाला कोणी बोलावीत नाही.