डोंगरमाथ्यावरच्या दोन चिठ्ठ्या

फार जुन्या काळी एका डोंगराळ राज्यात मोठा दुष्काळ पडला. राजाने कोठारं उघडली आणि गावोगाव ज्वारी पाठवली. पण ती चुलीपर्यंत पोचते का, हे कोण बघणार? घरं तर हजारो! राजाने हे काम एका कारभारणीवर सोपवलं.

प्रत्येक गावात ती सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकी, चांगल्या ढवळी आणि दहा चिठ्ठ्या काढी. दहांत एखादंच घर उपाशी निघालं, तर त्या घराची सोय लावायची. एकाहून जास्त निघाली, तर गावची वाटपाची पद्धतच बदलायची. हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

एका गावात आठ घरं पाहून झाली. सगळीकडे भाकऱ्या थापल्या जात होत्या. उरलेल्या दोन चिठ्ठ्या मात्र डोंगरमाथ्यावरच्या वस्तीच्या होत्या. ऊन रणरणत होतं आणि चालून चालून तिच्या पायांना फोड आले होते.

गावचे पाटील म्हणाले, "बाईसाहेब, चढ फार वाईट आहे. त्यापेक्षा माझ्या शेजारची दोन घरं बघा. दोन घरांनी काय बिघडतंय?"

सावलीत टेकावं, असं तिलाही क्षणभर वाटलं. पण ती उठली. "पाटील, घरं मी निवडली असती तर बदललीही असती. ही चिठ्ठीने निवडली आहेत. चला."

वर पहिल्या घरात एक म्हातारी चिंचोके भाजत होती.

"आजी, ज्वारी मिळत नाही का?"

"मिळते की. पण माझे गुडघे गेलेत आणि लेक परमुलखात. जो पोतं वर आणून देतो, तो अर्ध्याहून जास्त स्वतःलाच ठेवतो."

दुसऱ्या घरातही तीच गत. तिथली पोरं भुकेने पेंगली होती.

पाटलांचा चेहरा उतरला. "चावडीवर मी माप चोख देत होतो हो!"

"दिलंत. पण इथवर ते पोचलं नाही. आजपासून वस्तीचं वाटप वस्तीवरच होईल."

पाटलांनी स्वतःच्या तट्टांवर पोती लादली आणि पुढे होऊन वर नेली. संध्याकाळी डोंगरमाथ्यावर चुली पेटल्या. ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्याच नव्हत्या, त्या घरांतूनही धूर निघत होता.

तात्पर्य: सगळ्यांची खबर कळायला थोडी घरं पुरतात, पण ती आपल्या सोयीने निवडली, तर कितीही पाहिली तरी खरं कळत नाही.