परवाना असेल तोच आत

एका टेकडीवर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात भागोजी नावाचा एक भोळा शिपाई होता. देवानं त्याला मन अगदी लोण्यासारखं दिलं होतं. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. सांगितलं तेवढंच करी आणि सांगितलं तसंच करी. सगळी पंचाईत तिथंच होती.

एकदा काय झालं, सुगंधा नावाच्या मुलीची तिथं शेवटची तोंडी परीक्षा ठरली. श्रावणातल्या व्रतांच्या कहाण्यांवर तिनं भलाथोरला प्रबंध लिहिला होता. ही परीक्षा झाली की ती डॉक्टर होणार. औषधाची नव्हे, अभ्यासाची. परीक्षा घ्यायला थेट हंगेरी देशातून कोवाचसाहेब येणार होते. त्यांना मराठी येत होती, पण सगळी पुस्तकातली. आपल्याकडे काम करायचा त्यांचा परवाना नेमका त्याच दिवशी संपत होता. म्हणजे परीक्षा आजच व्हायला हवी. नाही झाली, तर पुन्हा पत्रं, पुन्हा परवाना आणि सुगंधाचं आणखी एक वर्ष वाया.

तिची आई सरूबाई सकाळपासून व्हरांड्यात बसून होती. पोरीची परीक्षा होईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं तिनं देवीला बोलून ठेवलं होतं.

कचेरीच्या अधीक्षक कुंदाताई. त्यांनी भागोजीला हाक मारली.

"हे बघ भागोजी, नीट ऐक. बाहेरदेशाच्या माणसाला इथं काम करायचं तर परवाना लागतो. परीक्षा घेणं हेही कामच आहे. मी त्यांचे कागद बघेपर्यंत त्यांना एकही प्रश्न विचारू द्यायचा नाही. कळलं?"

"कळलं ताई. एकही नाही."

थोड्या वेळानं टॅक्सी आली. कोवाचसाहेब उतरले. लांबचा प्रवास, घाटातला रस्ता, त्यात ड्रायव्हरनं आग्रहानं पाजलेला उसाचा रस. साहेब घाईघाईनं पायऱ्या चढून आले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार. प्रसाधनगृह कोणीकडे आहे?"

भागोजीनं दोन्ही हात आडवे केले. "प्रश्न नाही विचारायचा साहेब. आधी कागद."

"परंतु हा परीक्षेचा प्रश्न नव्हे."

"पण प्रश्न आहे ना?"

साहेब हुशार होते. म्हणाले, "बरे. मला प्रसाधनगृहात जावयाचे आहे."

"जा की. मी कुठं नाही म्हणतो?"

"ते कोठे..."

"हां! प्रश्न!"

साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागले. सरूबाईला दया आली. तिनं बसल्या जागेवरून बोट दाखवलं, तसे साहेब बॅग टाकून पळाले.

कुंदाताई धावत बाहेर आल्या. "अरे भागोजी, काय हे! दाराशी आलेल्याला असं अडवतात का? त्याला आत न्यावं, खुर्चीवर बसवावं, पाणी द्यावं, चहा द्यावा. मग सावकाश कागद."

"चुकलं ताई. आता पक्कं ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं.

कुंदाताई परीक्षेची खोली झाडून घ्यायला गेल्या. तेवढ्यात टेकडीवर चरणारी एक शेळी दाराशी आली. भागोजीनं तिला अडवलं नाही. आत नेली. साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर चढवून बसवली. तिच्यापुढे पाण्याचं भांडं धरलं, चहाचा कप ठेवला. शेळी पाणी प्यायली, चहावरून तिनं तोंड फिरवलं आणि साहेबांसाठी आणलेला झेंडूचा हार खायला घेतला. ती सावकाश खात होती, म्हणून भागोजीही सावकाश म्हणाला, "आता कागद."

टेबलावर साहेबांच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. शेळीनं त्या घेतल्या.

"अगं बाई!" कुंदाताईंनी दारातूनच कपाळाला हात लावला. "भागोजी, ही शेळी आहे!"

"हो ताई. चहा घेत नाही ती. बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसंच केलं."

शेळीला हाकललं. झेरॉक्स मात्र गेल्या त्या गेल्या. कुंदाताई म्हणाल्या, "आता मला फायलीतून नव्यानं प्रती काढून आणायला हव्यात. तोवर साहेब आले तर त्यांच्या मूळ पासपोर्टावरचा फोटो बघ. समोरचा माणूस फोटोशी तंतोतंत जुळला, तरच बसवायचा. नाहीतर शेळ्यामेंढ्यांना खुर्च्या देत बसशील."

"चुकलं ताई. आता फोटो. तंतोतंत."

साहेब हातपाय धुऊन आले. भागोजीनं पासपोर्ट घेतला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाही जुळत साहेब."

"का बरे?"

"फोटोतल्या माणसाला पाय नाहीत. तुम्हाला चांगले दोन आहेत."

साहेबांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "फोटो छातीपर्यंतच काढतात, महाशय."

"काढत असतील. पण ताई तंतोतंत म्हणाल्यात."

कुंदाताई प्रती घेऊन आल्या तेव्हा कोवाचसाहेब टेबलामागे उकिडवे बसले होते. नुसतं डोकं आणि खांदे वर दिसत होते. भागोजी पासपोर्ट हातात धरून त्यांना सांगत होता, "अजून थोडं खाली साहेब. तुमच्या सदऱ्याचं तिसरं बटण फोटोत नाही."

कुंदाताईंनी साहेबांची माफी मागितली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि कागद स्वतः तपासले. पासपोर्ट बरोबर. परवाना बरोबर. मुदत आजची, म्हणजे तीही बरोबर. त्यांनी सही-शिक्का केला, साहेबांना परीक्षेच्या खोलीत बसवलं आणि भागोजीला बाजूला घेतलं.

"आता शेवटचं सांगते. चेहरा नको, पाय नको, बटण नको. परवाना असेल तोच आत. परवाना नसेल तो कुलगुरू असला तरी बाहेर! आणि दार नीट बंद ठेव. ती शेळी अजून इथंच घुटमळतेय."

"चुकलं ताई. आता परवाना. बास."

कुंदाताई बाकीच्यांना बोलवायला गेल्या. भागोजीनं दार बंद केलं. नीट बंद म्हणाल्या होत्या, म्हणून वर कुलूप घातलं. किल्ली हरवू नये म्हणून आपल्या कमरेच्या करदोट्याला गच्च बांधली, वरून धोतर सारखं केलं आणि दाराशी उभा राहिला.

सुगंधा आणि तिचे मार्गदर्शक वैजापूरकर सर आले.

"काम करायचा परवाना?" भागोजीनं विचारलं.

सर हसले. "अरे, मी इथलाच. मला कसला परवाना?"

"नाही ना? मग बाहेर. आणि पोरी, तुझा?"

सुगंधा म्हणाली, "भागोजीकाका, माझी तर परीक्षा आहे!"

"उत्तरं देणं हेही कामच की पोरी."

मागून कुंदाताईंबरोबर कुलगुरू आले. मोठा माणूस, खणखणीत आवाज. "काय गर्दी आहे? भागोजी, दार उघड."

"परवाना आहे का साहेब?"

"मी कुलगुरू आहे!"

"तेच तर! तुमचं तर नाव घेऊन सांगितलंय," भागोजी आनंदानं म्हणाला. "कुलगुरू असला तरी बाहेर. कुंदाताईच म्हणाल्या."

सगळ्यांनी कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला.

"बरं, आता मीच सांगते," त्या म्हणाल्या. "किल्ली दे इकडे."

"ताई, तुमच्याकडे परवाना?"

"नाही रे बाबा!"

"मग तुम्ही सांगायचं काम तरी कशा करता?"

किल्ली होती करदोट्याला. तिथं हात कोण घालणार? कुलूप फोडायला माणूस बोलवायला धाडलं, तर तो जेवायला गेलेला. ऊन कलायला लागलं. सुगंधाचे डोळे भरून आले. सरूबाईचे ओठ सुकून गेले होते, पण ती माउली म्हणाली, "रडू नकोस गं. दार बंद असलं तर असू दे. खिडकी उघडी आहे ना?"

खरंच की! व्हरांड्यावर एक मोठी गजांची खिडकी होती. साहेबांनी आतून खुर्ची खिडकीशी ओढली. बाहेर सरांना आणि कुलगुरूंना स्टुलं दिली. सुगंधा गजांना धरून उभी राहिली आणि परीक्षा सुरू झाली.

भागोजीनं हरकत घेतली नाही. परवाना असलेला माणूस आत होता, नसलेले सगळे बाहेर होते. त्याच्या मनासारखं झालं होतं.

कोवाचसाहेबांनी पुष्कळ प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, "कहाणी ऐकताना बायका मुठीत तांदूळ का धरतात? ग्रंथांत मला याचे कारण सापडले नाही."

सुगंधा म्हणाली, "सर, ग्रंथातलं मलाही माहीत नाही. पण लहानपणी कहाणी ऐकताना मला झोप यायची. मूठ सैल झाली की दाणे पडायचे. आई कहाणी थांबवायची, दाणे वेचून परत माझ्या मुठीत घालायची, आणि मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करायची. मला वाटतं, एकही जण मागे राहू नये, म्हणून ते दाणे असतात."

साहेब उठले आणि गजांतून हात बाहेर काढत म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर सुगंधा!"

टाळ्या झाल्या. सुगंधानं आईला तांब्या दिला. सरूबाईनं देवीचं नाव घेतलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली. सगळ्यांना इतका आनंद झाला की साहेब अजून आत कोंडलेले आहेत, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, तेव्हा आठवण झाली.

कुंदाताईंना एकदम युक्ती सुचली. "भागोजी, मला सांग, तुझ्याकडे आहे का परवाना? नाही ना? मग तू दार राखायचं काम कसा करतोस?"

भागोजीचा चेहरा पडला. त्यानं खूप विचार केला. मग कानाची पाळी पकडली.

"खरं आहे ताई. मोठं पाप झालं. आता दार राखणार नाही."

"शहाणा माझा! चल, उघड."

"उघडणार कसं? उघडणं हेही कामच."

तो घाम पुसत खिडकीशी गेला आणि गजांतून हळूच म्हणाला, "साहेब, परवाना फक्त बाहेरदेशाच्या माणसालाच मिळतो ना?"

"होय, महाशय."

"मग मला तुमच्या संगती तुमच्या देशात न्या. मी तिकडचा होतो, परवाना काढतो, परत येतो आणि लगेच तुमचं कुलूप उघडतो."

"परंतु मी तर आत आहे!"

"असू द्या साहेब, घाई नाही," भागोजी पायरीवर बसत म्हणाला. "तुम्ही निघालात की मला हाक मारा."