विहिरीत अडकलेला तोरा

खडकाळ माळावर एक गाव होतं आणि त्या गावात होता एक विहीर खणणारा. त्याचा तोरा काय सांगू तुम्हाला! खणता खणता तो भिंतीत पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या करायचा आणि काम संपलं की त्यांवरून सरसर वर यायचा. दोराला बांधलेल्या पाटीतून फक्त माती वर जायची. माणसानं पाटीत बसून वर येणं म्हणजे विहीर खणणाऱ्यांत नाक कापल्यासारखंच!

वर दोर ओढायला दोन गडी आणि त्याचा मेहुणा असायचा. मेहुणा नुकताच प्रभू येशूवर विश्वास ठेवू लागलेला. मग काय, चेष्टेला नुसता ऊत!

"काय पाव्हणं, फुकटात पापातनं तारण मिळालं म्हणं?"

"मिळालं की दाजी! तुमच्यासाठीबी हाय."

"आपल्याला नको. मी उपास करतो, दानधर्म करतो. देवाच्या दारात माझ्या पायानं चढून जाणार मी!"

एके दिवशी पहारीचा घाव बसला आणि भस्सकन झरा फुटला. पाणी चढायला लागलं. विहीर खणणारा ऐटीत खोबण्यांवर चढू लागला, पण भिजलेल्या खोबण्या ढासळल्या आणि धप्पकन तो खाली! हात मोडला.

"दाजी, पाटी सोडतोय, बसा!"

"येडा का खुळा तू? मी काय माती हाय?"

एका हातानं तो पुन्हा चढायला गेला. पुन्हा पडला. पाणी गळ्याशी आलं. आता त्यानं पाटी धरली खरी, पण मोडक्या हातानं आत चढवेना.

"पाव्हणं..." जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला, "माझ्याच्यानं होत न्हाई रे!"

मेहुण्यानं कमरेला दोर बांधला आणि सरळ खाली उतरला. भिंतीतून दगड सुटत होते. त्यानं दाजींना पाटीत घातलं, वर आपली पाठ धरली. गड्यांनी दोघांना ओढून काढलं तेव्हा मेहुण्याची पाठ रक्तानं माखलेली.

"अरे, मी तुला रोज टोचून बोलायचो. माझ्यापायी मेला असतास की!"

"दाजी, मला नुसतं खरचटलंय. माझ्या प्रभूनं तर क्रुसावर माझ्यासाठी जीवच दिला. मी तरी कुठं लायक होतो?"

विहीर खणणारा मोडका हात सावरत उठला. मग तिथंच चिखलात त्यानं गुडघे टेकले. "प्रभू येशू, माझ्या उपासानं मला तुझ्यापातूर चढवत न्हाई. तूच मला वर घे." म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

पुढच्या बाजारात एकानं डिवचलंच, "काय, तोरा गेला म्हणं तुमचा?"

विहीर खणणाऱ्यानं छाती काढली. "गेला? अरे, दुप्पट झालाय! आधी मी माझ्या जोरावर मिरवायचो, आता ज्यानं मला वाचवलं त्याच्या नावानं मिरवतो. बस इथं, सगळं सांगतो!"

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: आपल्या जोरावर देवापर्यंत कुणीच चढत नाही, ख्रिस्ताला हाक मारणाऱ्याला तो स्वतः येऊन, निव्वळ कृपेनं वर काढतो.