थोटेबुवांची माळ

शके १६७१, शुक्ल संवत्सर, माघ वद्य पंचमी. ऊन तापू लागलं होतं, सावलीत मात्र अजून गारठा होता.

"देवीनं माझा हात का राखला, बुवा?"

खिंडीतल्या देवीपुढं बसून बुवा डाव्या हातानं शेवंतीची फुलं निवडत होते. उजवा हात मनगटापासून नव्हता. लोक त्यांना थोटेबुवा म्हणत.

विचारणारा आंबळीचा बहिर्जी पाटील. तीन मुक्काम करून आला होता. कमरेला कोयता होता.

"ओळखलंत?"

"ओळखलं. पूर्वी मला नाग्या म्हणायचास."

पाटलानं मान खाली घातली नाही. ती त्याची सवय नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी आंबळीच्या देवीचा चांदीचा मुखवटा नाहीसा झाला. देवळाच्या किल्ल्या दोघांकडं, पाटलाकडं आणि नागू गुरवाकडं. न्यायाला गावची मजलस बसली. पाटलानं दिव्य केलं. उकळत्या तेलात हात घालून लोखंडाचा तुकडा काढला. हाताला पिशवी बांधून मोहर केली. तिसऱ्या दिवशी सोडली, तर एक फोड नाही. देवीचा कौल, सगळे म्हणाले. मग चोर गुरवच. ठाण्यावर नेऊन त्याचा हात तोडला. तो गाव सोडून गेला.

"मुखवटा मी नेला होता."

"ठाऊक आहे."

"पायताण घालून देवळात आलो, तर चारचौघांत तुम्ही मला बाहेर काढलंत. त्याचा राग. मुखवटा डोहात टाकला."

"बरं."

"बरं काय? शिव्या द्या की! गावात लोक या हाताच्या पाया पडतात. आजारी पोरांवरून फिरवून घेतात. मला या हातानं घास उचलवत नाही."

"मजलशीपुढं सांग."

"सांगितलं. हसले. देवीचा कौल खोटा म्हणता? पाटील, वय झालं तुमचं, म्हणाले."

बुवांनी एक किडकं फूल बाजूला टाकलं.

पाटलानं कोयता काढून त्यांच्यापुढं ठेवला. उजवा हात दगडावर पसरला.

"क्षमा मागत नाही. हात घ्या. देणं आहे."

बुवांनी कोयता उचलला. बोट लावून पाहिलं.

"धार चांगली ठेवलीस."

पाटलानं डोळे मिटले. कोयता दगडावर वाजला... डोळे उघडले तर बोटांशेजारी माळ बांधायचं केळीचं सोपट दोन तुकडे होऊन पडलं होतं.

"धर ते टोक."

"बुवा, मी..."

"एका हातानं गाठ बसत नाही. दातात धरली तर माळ उष्टी होते. अकरा वर्षं देवीला सुटी फुलं वाहतो."

त्यांनी देवीकडं पाहिलं.

"आंबळीची देवी माळेत कशी दिसायची..."

पाटील खाली बसला. दोन्ही हात पुढं केले.

"डावा मागं घे. डावा माझ्याकडं आहे."

पहिली गाठ पडली.

"सैल. सोड."

दुसरी पडली.

"सोड."

"हे गुरवाचं काम आहे. मी पाटील आहे."

"म्हणून सैल."

तिसरी बसली. एक डावा हात, एक उजवा. फुलामागून फूल.

सावली पायाशी आली तेव्हा माळ पुरी झाली. दोन्ही टोकं दोघांनी धरली आणि देवीच्या गळ्यात घातली.

बुवा बघत राहिले... बराच वेळ.

"बुवा, माझं देणं?"

"माझा हात मला पोचला. तुझा कोयता ने."