डॉक्टर शेंडगे यांच्या गाडीचे छत

डॉक्टर शेंडगे यांच्या जुन्या मोटारीचे व्हिनाइलचे छत वीतभर फाटले होते. कोल्हापुरात गाड्यांचे गादीकाम करणाऱ्या हलिमाबींनी छताच्या धड भागावरून त्याच्या रवाळ पोताचा साचा घेतला, भेग भरली आणि तोच पोत तिच्यावर गरम दाबून उमटवला.

जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब रणनवरे चौघांदेखत हलिमाबींना म्हणाले, "दुरुस्ती मी डोळे मिटूनही ओळखतो. सापडली, तर दुकानाची पाटी उतरवा!"

"आणि नाही सापडली तर?"

"तर तीच पाटी मी स्वतः पुसून चकचकीत करीन."

"चालेल, सरकार. फक्त वाकताना तोल जातो. डावा हात इथे टेकवा, म्हणजे उजवी बोटं स्थिर राहतील."

आप्पासाहेबांनी हात टेकवला, डोळे मिटले, बोटे फिरवली आणि एका उंचवट्यावर थांबवली. "हा बघा तुमचा जोड!"

"ती कारखान्यातली शिवण, सरकार. पलीकडच्या बाजूलाही तशीच आहे."

डॉक्टरांनी पाहिले, खरोखरच होती.

"मग बाई, तुमचं काम आहे तरी कुठे?"

"मघापासून तुम्ही त्याच्यावरच डावा हात टेकून उभे आहात."

आप्पासाहेबांनी हात उचलला, खालचे छत दोनदा चाचपले आणि शेवटी ओले फडके मागितले.