शिसवी पेटीतला दहावा कप्पा

"येसबाच्या डोक्यात आहे ते सगळं या पेटीत भरून आणा! आठ दिवसांत! नाहीतर येसबानं मरेपर्यंत काहिलीपासून हलायचं नाही!"

उदाजीराजांनी कारकुनाला हुकूम सोडला आणि दहा कप्प्यांची शिसवी पेटी पुढे सरकवली. वर पितळी कुलूप.

येसबा राजांचा गुळव्या. उसाचा रस उकळत असताना काहील, म्हणजे ती भली मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची, ते सांगणारा माणूस. राजांची गुऱ्हाळं दहा, पण बाजारात मागणी एकट्या येसबाच्या गुळाला. आता तो थकला होता. त्यातून बिनआईची लेक चार मुक्कामांवरच्या गावी बाळंत व्हायची होती. तिच्याकडे जायचं, एवढंच त्यानं मागितलं होतं.

राजांचा कारकून दौत-लेखणी घेऊन गुऱ्हाळात आला.

"बोला येसबा, काहील कधी उतरवायची?"

"वेळ झाली की."

"वेळ झाली हे कळतं कसं?"

"कळतं की!"

"अहो, पण कसं?"

"आता बघा, भूक लागलेली तुम्हाला कशी कळते?"

तीन दिवस असेच गेले. कागद कोरा तो कोराच. येसबा बिचारा डोळे पुसायला लागला.

काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं सारता सारता जाळ घालणारी गोजरा हे ऐकत होती. ती उठली, चिपाडांच्या गंजीत कोपरापर्यंत हात घातला आणि कुणा शिकाऊ गड्यानं पुरलेली एक काळीकुट्ट ढेप ओढून काढली.

"काका, ही बघा."

"अगं अगं! कुणी केला हा सत्यानाश?" येसबा ताडकन उठला. "दोन उकळ्या जास्त झाल्या! फेस बसला, बुडबुडे बारीक झाले, की थेंब गार पाण्यात टाकायचा. गोळी वळली की काहील खाली! हा गडी वाट बघत बसला असणार!"

कारकुनाची लेखणी धावायला लागली.

त्याचं असं होतं, की ज्याचा गूळ बिघडेल त्याला दहा फटके, असा राजांचा कायदा. म्हणून बिघडलेली ढेप जो तो गुपचूप गंजीत पुरायचा. आणि जाळायला चिपाडं ओढणाऱ्या बायांना ती बरोबर सापडायची! गोजरानं बाकीच्या नऊही गुऱ्हाळांतल्या बायांना निरोप धाडला, "नाव कुणाचं सांगू नका, ढेप तेवढी द्या."

ढेपा आल्या. येसबा एकेक चाखी आणि बोलत सुटे. "ही आंबूस. ऊस आदल्या दिवशी तोडलेला!" "ही खारट. खारपड रानातला ऊस वेगळा गाळायचा, बाबांनो!" भोवती नऊ गुऱ्हाळांचे गुळवे कान टवकारून बसलेले. अशा नऊ तऱ्हेच्या चुका निघाल्या; एकेकीची ढेप चिठ्ठी लावून पेटीत गेली.

आठव्या दिवशी गोजरा आणि कारकून पेटी घेऊन दरबारात आले. राजांनी पेटीतला एक तुकडा तोंडात टाकला.

"थू! खारट! काय गं, ही माझी थट्टा?"

"आता हा खा, महाराज." तिनं पदरातून पिवळाधमक गूळ काढला.

राजांचा चेहरा खुलला. "वा! हा येसबाचा!"

"नाही, महाराज. तिसऱ्या गुऱ्हाळातल्या दौलूचा! येसबाकाका तर काल दिवसभर आंब्याखाली घोरत होते."

राजांनी पुन्हा पेटीत डोकावलं. नऊ ढेपा, प्रत्येकीवर चिठ्ठी.

"आणि दहावा कप्पा रिकामा का?"

"तो महाराजांसाठी राखलाय."

"माझ्यासाठी?"

"नऊ चुका गुळव्यांच्या, दहावी तुमची! फटक्यांच्या भीतीनं एकाची चूक दुसऱ्याला दिसलीच नाही. म्हणून तीच चूक दहा ठिकाणी होत राहिली."

कारकून हळूच दोन पावलं मागे सरकला. राजांनी मिशीवरून हात फिरवला... आणि जे हसत सुटले! पागोटं सावरेना!

"आणा रे तो फटक्यांचा कायदा!" त्यांनी कागदाची घडी करून स्वतःच्या हातानं दहाव्या कप्प्यात ठेवली. "झालं? आता लाव कुलूप."

"कुलूप नको, महाराज. कुलूप लावलं तर आत मुंग्याच तेवढ्या शिरतील, गुळवे बाहेरच राहतील!"

राजे पुन्हा खदखदून हसले. गोजराला त्यांनी दहाही गुऱ्हाळांची मुकादम केलं, आणि येसबासाठी आपली खिल्लारी जोडी जुंपायला सांगितली.

येसबा गाडीत चढला तो दौलूची ढेप मांडीवर घेऊनच. "लेकीच्या डिंकाच्या लाडवांना हाच गूळ बरा," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा रेसभर चांगलाच झालाय!"